बुलपप अन् एकशेनव्वदची रेघ

बंदुकीची गोष्ट आहे म्हटल्यावर तुम्ही थोडे सरसावून बसले असान. आता कोणाले तरी गोळी लागन, नाही तर निदान एखादं कबुतर पडन. काही पडत नाही. या गोष्टीत फक्त एक काटा पडते, तो बी सहा किलोनं, अन् तेवढ्यानं माही जी वाट लागली ती सांगाले बसलो आहे. भिलाईची गोष्ट म्हणून भट्टी, ठिणग्या, लाल लोखंड असलं बी काही डोळ्यासमोर आणू नका. सगळं आमच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत झालं, जिथं पापडाचे डबे अन् जुना कूलर ठेवलेला राहते.

आधी माही ओळख. नाव सांगत नाही, पण आमच्या सेक्टरमधी कोणालेही विचारा, 'तो नक्कल करणारा पोट्टा' म्हटलं का माहं घर दाखवतीन. गणपतीत मी स्टेजवर उभा राहून शाळेतल्या हिंदीच्या मॅडमपासून सिविक सेंटरच्या गुपचुप म्हणजे पाणीपुरीवाल्यापर्यंत सगळ्यायचे आवाज काढतो. सगळ्यात चांगला बाबाचा जमते. बाबा आधी खाकरतेत, मंग 'असं आहे पाहा' म्हणतेत, मंग दोन सेकंद थांबतेत, जसा काही वॉल्व उघडून राहिले. फोनवर मी असं बोललो का माही आत्याबी फसते.

दुसरी गोष्ट, मले एका जागी बसता येत नाही. जेवताना मांडी हालते, अभ्यासाले बसलो तर पेन फिरते, अन् पलंगाच्या एका टोकाले झोपतो तो दुसऱ्या टोकाले उठतो. आई म्हणते, याच्या अंगात मोटर बसवली अन् बंद कराचं बटन द्याचं राहून गेलं.

असा पोट्टा नेमबाजीले कावून गेला म्हणसान, तर याच्यासाठीच गेला. जुनवानीच्या रस्त्यावर दहा मीटरची एक लहानशी रेंज आहे. बंदुका चार अन् पोट्टे वीस, म्हणून प्रत्येकाले दहा मिनिटं. पण त्या दहा मिनिटांत काही तरी होऊन जाते. श्वास अर्धा सोडला, नेम धरला, का अंगातली मोटर हळूहळू बंद होत जाते. पुरी बंद होणार तेवढ्यात मागून कोणी तरी खांद्यावर टिचकी मारते, "भैया, टाइम हो गया." मंग घरी येतपर्यंत मी पुन्हा चालू. माह्यासाठी तो छंद नव्हता. दिवसातून दहा मिनिटं मी माह्या मर्जीचा माणूस होतो, अन् मले ती दहा मिनिटं वाढवून पायजे होती. त्याच्यासाठी आपली बंदूक लागते.

तर मी पाहाले लागलो. पाहाले लागलो म्हणजे मोबाइलवर, जेवताना, बसमधी, कॉलेजच्या मागच्या बाकावर, तीन आठवडे. अन् पाहता पाहता एका बंदुकीवर माहं मन बसलं, तिले बुलपप म्हणतेत. आईले वाटलं मी कुत्रा पाळून राहिलो. साध्या बंदुकीत पुढं नळी, मंग घोडा, अन् त्याच्या मागं खांद्याले लावाचा दस्ता. बुलपपमधी घोडा पुढं सरकवलेला राहते अन् सारी मशीन मागं, दस्त्यातच, गालाच्या खाली बसवलेली. त्याच्यानं नळी पूर्ण लांब राहते पण बंदूक हातभर आखूड होते. माही उंची पाच फूट तीन इंच. रेंजवरची लांब बंदूक धरली का मी बंदुकीले टांगल्यासारखा दिसतो. बुलपप माह्यासारख्यासाठीच कोणी तरी विचार करून बनवली असं मले वाटलं.

अन् ती पीसीपी होती, म्हणजे तिच्यात हवेची टाकी राहते. पंपानं एकदा दाबून हवा भरली का पन्नासेक छर्रे निघतेत. रेंजवरच्या स्प्रिंगवाल्या बंदुका दर खेपेले नळी वाकवून भराच्या, अन् गोळी सुटली का अंगाले झटका. हिच्यात झटका नाही.

खोलीत ती मावते का नाही ते पाहाले मी पाण्याच्या पाइपाचे दोन तुकडे कापून आणले, एक लांब बंदुकीच्या मापाचा अन् एक बुलपपच्या. लांब तुकडा घेऊन वळलो तर देवघराची घंटी वाजली. आखूड घेऊन वळलो तर काही नाही वाजलं. मी आईले म्हटलं पाहा, देव बी बुलपपच म्हणून राहिला. आईनं दोन्ही तुकडे बागेत टमाट्याच्या झाडाले आधार म्हणून लावून देल्ले.

रेंजच्या सरले विचारलं तर त्यायनं मनापासून सांगतलं. बुलपपचं सारं वजन मागं जाते, घोडा पुढं अन् मशीन मागं म्हणून मधात एक लांब सळई राहते, त्याच्यानं घोडा जरा ढिला लागते, अन् छर्रा भराले गालाजवळून हात न्या लागते. मॅच खेळाची असन तर ती चालणार नाही. मी म्हटलं मॅच नाही खेळाची. सर म्हणे मंग काय करणार? मी म्हटलं, थांबणार. सरनं माह्याकडं असं पाहिलं जसं मी कोणाची तरी नक्कल करून राहिलो. त्या एका वाक्यात मात्र मी कोणाची नक्कल करत नव्हतो.

अडचण बाबाची होती. बाबा स्टील प्लांटमधी कंप्रेसरवर आहेत. त्यायच्याकडं हवेचा दाब किलोत मोजतेत. लाइनीत सात किलो हवा वाहते, अन् त्या सात किलोनं काय काय होऊ शकते ते आम्ही लहानपणापासून जेवणासोबत ऐकत आलो. मी सांगतलं बंदुकीच्या टाकीत दोनशे किलो राहते. बाबानं घास खाली ठेवला.

"अन् ती टाकी कुठं राहते?"

"नळीच्या खाली, बाबा. थोडी मागं बी येते."

"मागं म्हणजे कुठं?"

"गालापाशी," मी म्हटलं. झूठ बोललो असतो, पण व्हिडिओ उघडाच होता.

आठ दिवस बाबा त्या विषयावर बोलले नाही. नववे दिवशी चहा पिता पिता म्हणे, असं आहे पाहा, टाकी चांगली असन, सील चांगले असन, तर दोनशे काय अन् सात काय. पण मी तपासल्याशिवाय ती वस्तू तुह्या गालाले लागणार नाही. मले एवढंच पायजे होतं. मी उठून अंगणाचे चार चक्कर मारून आलो.

नवी बंदूक घ्याची आमची ऐपत नव्हती, पण सरच्या ओळखीनं एक वापरलेली निघाली. जुनवानीत एक काका राहत, रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे नागपूरकडचे, आपल्यासारखेच घरी मराठी बोलणारे. ते आता पोरीकडं नागपूरले जाणार होते अन् सामान कमी करून राहिले होते. रविवारी सकाळी मी अन् बाबा गाडीवर गेलो. काकानं कापडाच्या घडीतून ती बंदूक काढली, जशी आई लग्नाचा शालू काढते तशी. काळी, आखूड, भरीव. मी खांद्याले लावली अन् मले कळलं का व्हिडिओत काहीच दिसत नाही. वजन सारं अंगापाशी बसलं, पुढचा हात मोकळा झाला. घोडा थोडा ढिला होता, सर म्हणत तसा, पण दोन-तीनदा ओढला तर त्याचा थांबा कळाले लागला.

बाबानं पिशवीतून लहान ब्रश अन् साबणाच्या पाण्याची शिशी काढली. प्रत्येक जोडावर फेस लावून चष्म्यातून पाहत बसले, कुठं बुडबुडा येते का. काकाले राग येईन असं मले वाटलं, पण काका उलटे खुश झाले. म्हणे असं गिऱ्हाईक पायजे जी, बाकीचे तर फक्त आवाज किती होते ते विचारतेत. बुडबुडा कुठंच आला नाही. तरी बाबानं अट टाकली, एक दिवस घरी नेऊन दाब धरून पाहीन. काका म्हणे न्या, पण अहिवाऱ्याचा एक माणूस उद्या संध्याकाळी ती घ्याले येऊन राहिला, त्याच्या आधी सांगा. कोणताही कागद न लिहिता, फक्त बाबा प्लांटचे अन् ते रेल्वेचे म्हणून, काकानं बंदूक अन् पंप आमच्या हातात देल्ला.

दाब धरून पाहणं हे प्लांटवाल्यायचं काम आहे. नवी लाइन टाकली का तिच्यात हवा भरतेत, वॉल्व बंद करतेत अन् चोवीस तास कोणी हात लावत नाही. काटा जागेवर राहिला तर लाइन पास. बाबानं मागच्या खोलीत तसंच मांडलं. सेफ्टीचा चष्मा घालून दोघं मिळून पंप हापसला, दोनशेपर्यंत नेला. मंग बाबा सांगाले लागले का आत्ताचा हा आकडा खरा नाही, हवा दाबली का गरम होते अन् गरम असतपर्यंत जास्त दाखवते, थंडी झाल्यावर जो आकडा राहीन तो लिहाचा. मी त्यायच्या मागं उभा राहून आईसाठी त्यायचीच नक्कल करून राहिलो होतो, खाकरणं, हात मागं बांधणं, सगळं. आई पदर तोंडाले लावून हासत होती. त्याच्यानं बाबानं काय सांगतलं ते माह्या कानावरून गेलं अन् आत काही गेलं नाही.

तासाभरानं काटा एकशेनव्वदवर येऊन बसला. बाबानं गेजच्या काचेवर मार्करनं बारीक रेघ मारली. मंग प्लांटमधी लावतेत तसा टॅग केला, पुठ्ठ्याचा तुकडा, त्याच्यावर लाल अक्षरात 'टेस्ट चालू, हात लावू नये', खाली आपली सही, अन् दोऱ्यानं घोड्याच्या कडीले बांधला. म्हणे, हा ज्यानं लावला त्यानंच काढाचा. मी म्हटलं, हो बाबा.

दुसऱ्या दिवशी बाबाची फर्स्ट शिफ्ट. साडेपाचले गेले, तीनले येणार. कॉलेज बुडवलं, कारण कॉलेजात बसून मी काय केलं असतं. नऊ वाजता खोलीत डोकावलो, काटा रेघेवर. साडेनऊले रेघेवर. दहाले मी ठरवलं आता अकरापर्यंत नाही जाचं, अन् दहा वाजून सात मिनिटाले तिथं उभा. अंगणात गेलो, झाडाले पाणी घातलं, तेच पुन्हा घातलं. मोबाइल उघडला, बंद केला. हाताले बंदुकीचं वजन आठवत होतं, कालचं, खांद्यापाशी बसलेलं. अकराले आई सामनेवाल्या काकूकडं कोहळ्याच्या बड्या, म्हणजे सांडगे, घालाले गेली, अन् घरात कोणी नाही म्हटल्यावर माहे पाय मले न विचारता मागच्या खोलीत गेले.

गाठ सोडताना मी ती नीट पाहून ठेवली, म्हणजे तशीच बांधता येईन. मागच्या भिंतीले जाडी फळी टेकवली, पुढं रद्दी पेपरचा गठ्ठा ठेवला, चष्मा घातला. एकच छर्रा मारणार होतो. पहिला मारला अन् झटका आलाच नाही. फक्त एक खट आवाज अन् पेपरमधी भोक. दुसरा मारला. पाचव्यापर्यंत माही मांडी, खांदा, जबडा, सगळं शांत झालं होतं. मागं कोणी टाइम सांगणारं नव्हतं. पेपरवर एक ट्रॅक्टरची जाहिरात होती, तिच्या चाकाच्या मधात बारा भोकं पाडली, अन् त्यातली नऊ एका रुपयाच्या खाली झाकली गेली असती. माह्या आयुष्यात मी एवढा वेळ एका जागी उभा नव्हतो राहिलो.

मंग गेजकडं पाहिलं. काटा एकशेसाठवर.

घाबरलो नाही, कारण पंप होताच. दणादण हापसाले लागलो, थांबलो नाही, बनियन ओलं झालं, अन् काटा चढत चढत बरोबर रेघेवर आणला. इतका बरोबर का मलेच माहं कौतुक वाटलं. गाठ तशीच बांधली. फळी, गठ्ठा, छर्रे, सगळं जागेवर. पंपाची नळी बी जशी गुंडाळली होती तशी गुंडाळली.

हात धुऊन राहिलो तर टीव्हीजवळ बाबाचा मोबाइल वाजला. बाबा ड्युटीवर मोबाइल नेत नाहीत. जुनवानीचे काका होते. मी सरळ सांगाले पायजे होतं का बाबा तीनले येतीन. पण उचलला तर तोंडातून आधी खाकरणं निघालं, मंग 'असं आहे पाहा', अन् एकदा ते निघालं का पुढचं मले अडवता येत नाही. बाबाच्या आवाजात मी सांगतलं का दाब पुरा धरला, काटा हालला नाही, बंदूक आम्ही घेतली. काका म्हणे बरं झालं जी, मंग मी त्या अहिवाऱ्यावाल्याले येऊ नको म्हणतो. मी दोन सेकंद थांबलो अन् म्हटलं, म्हणा.

बाबा तीन वाजून दहा मिनिटाले आले. चप्पल काढली अन् पाणी न पिता सरळ मागच्या खोलीत. मी दारात उभा, चेहरा चांगला गरीब करून. बाबानं चष्मा पुसला, वाकून पाहिलं, पुन्हा पुसला. काटा रेघेच्या खाली होता. एकशेचौऱ्यांशी. मी तर तो रेघेवर ठेवला होता. माह्या डोळ्यासमोर तो तिथून खाली आला कसा तेच मले समजेना.

बाबानं साबणाचं पाणी काढलं, सारे जोड पुन्हा तपासले. बुडबुडा नाही. मंग शांतपणे म्हणे, बाहेरून नाही, आतून गळून राहिलं, म्हणजे आतलं सील गेलं. एका दिवसात सहा किलो. अशी वस्तू मी तुह्या गालाले नाही लावू देणार, वापस करून टाकू. मी म्हटलं सहा किलो काही जास्त नाही. बाबा म्हणे, आज सहा आहे. एवढंच. अन् मोबाइल उचलून काकाले लावला. बाबाले फोन कानाले लावता येत नाही, कंप्रेसरजवळ राहून कान कमी झाले, म्हणून स्पीकरवर.

काकाले पहिले काहीच समजलं नाही. म्हणे, दुपारी तर तुम्हीच म्हटलं ना जी, का पुरा धरला. बाबा म्हणे मी ड्युटीवर होतो. बाबानं माह्याकडं पाहिलं नाही, अजून नाही, त्यायच्या मनात ते आलंच नव्हतं. मंग काकाचा आवाज आला, एकदम बारीक झालेला.

"पाहा भाऊ, माही वस्तू गळून राहिली असन तर मी ती अहिवाऱ्यावाल्याले बी देत नाही. त्याच्या बी गालाले लागन ना. मोडून भंगारात टाकतो. पण पाच वर्षं वापरली जी मी, एक किलो नव्हता उतरला."

त्या बंदुकीत काही खराबी नव्हती. मी चूप राहिलो तर ती चांगली वस्तू भंगारात जाणार, अन् तो माणूस नागपूरले जातपर्यंत हेच मनात घेऊन राहणार. बोललो तर बंदूक माह्या हातून गेली, हे मले तेव्हाच कळलं होतं. दोन्हीकडून ती जाऊनच राहिली होती.

"बाबा, मी चालवली," मी म्हटलं. "बारा छर्रे. मंग पुन्हा हवा भरली. अन् फोनवर बी मीच होतो."

मोबाइलमधून काकाचा एक 'अरे' ऐकू आला. बाबानं त्यायले फक्त एवढं सांगतलं का तुमची बंदूक ठीक आहे, चूक आमच्या घरची आहे, तुम्ही त्या माणसाले पुन्हा बोलावून घ्या, बाकीचं उद्या बोलतो. मंग फोन टीव्हीजवळ ठेवला, सरळ, जसा रोज ठेवतेत. आई बड्यायचं पीठ लागलेल्या हातानं दारात येऊन उभी राहिली होती. मले वाटलं आता थप्पड बसन. थप्पड बरी असते, लवकर संपते.

"काटा कावून खाली आला, समजलं का?" बाबा म्हणे.

मी मान हालवली, नाही.

"काल सांगतलं होतं. गरम हवा. मी सांगून राहिलो तवा तू काय करत होता?"

आईनं खाली पाहिलं.

"तो पुठ्ठा मी शोभेसाठी नव्हता लावला. मी लाइनीत हात घालतो तवा बाहेर वॉल्ववर तसाच टॅग राहते, अन् पलीकडचा माणूस माही सही पाहून वॉल्व उघडत नाही. मले तो माणूस दिसत नाही, त्याले मी दिसत नाही. अठ्ठावीस वर्षं झाले, दोन्ही हात घेऊन घरी येऊन राहिलो. अन् इथं माह्या घरात माही सही सोडून तू पुन्हा बांधली. गाठ बी तशीच बांधली."

"चुकलं, बाबा."

"अन् माह्या आवाजात माणसाले जबान देल्ली. मी कधी कोणाले न तपासता हो म्हटलं नाही. आज म्हटलं, अन् मले माहीत बी नव्हतं."

आई म्हणे जाऊ द्या आता, पोट्टा खरं बोलला ना. बाबा आईले म्हणे, तू हासत होती काल, तू बोलू नको. आई परत गेली. मंग बाबा माह्याकडं वळले, आवाज तेवढाच, वाढवला नाही.

"उद्या साडेपाचले उठशीन. सायकलनं जुनवानीले जाशीन, गाडी मागू नको. काकाच्या दारात उभा राहून तुह्या तोंडानं सांगशीन का काय केलं, अन् ते जे म्हणतीन ते पुरं ऐकून घेशीन, मधात बोलाचं नाही. पंप मी बाहेर काढून ठेवतो, तो तू ने. बंदूक मी शिफ्टवरून आल्यावर नेईन. तोपर्यंत या खोलीत पाय ठेवाचा नाही. अन् कॉलेज कोणाले विचारून बुडवलं ते मी अजून विचारलंच नाही."